कवळीमामाची समाधी

“मला एकदा लागली होती,” मामा म्हणाला.

तो जेवायला बसला होता. मामी वाढत होती. तिने डाव हवेतच धरला आणि विचारलं, “कुठे? दाखवा. कामावर चपला घालत जा म्हणून किती वेळा सांगितलंय.”

विषय खरं तर इथेच संपायला हवा होता. पण मामाने ताट बाजूला सारलं, डोळे मिटले आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “पायाला नाही गं. समाधी. समाधी लागली होती.”

“बरं,” मामी म्हणाली. “भात घेणार का?”

आपल्या भाषेत ‘लागणे’ हे मोठं बेरकी क्रियापद आहे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, लाकडाला कीड लागते, पोराला नको ती सवय लागते, आणि समाधीही लागते. या सगळ्यांत माणूस नुसता उभा असतो. जे करायचं ते भूक करते, आग करते, कीड करते. त्यामुळे ज्याला समाधी लागली तो छाती फुगवून फिरायला लागला की मला नेहमी वाटतं, हा ठेच लागल्याबद्दल हार मागतो आहे.

माझा मामा कवळ्या करत असे. सगळा रस्ता त्याला कवळीमामा म्हणे. त्याला भाचे किती आणि मामा म्हणणारे किती याचा हिशेब कधी जुळला नसता. घराच्या मागच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. काहींचे मालक कधीच गेले होते, पण मामा जबडे टाकत नसे. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवत, मामा ठशात प्लास्टर ओतून जबडा काढी, त्यावर मेणात दात रोवून पाही आणि मग गुलाबी हिरडीची पक्की कवळी करी. ज्यांना दंतवैद्य परवडत नसे ते थेट मामाकडेच येत, तोंड उघडून.

कवळी पहिल्यांदा कुणालाच नीट बसत नाही. ती लागते. म्हणजे हिरडीला टोचते, घासते, फोड आणते. तेव्हा ती घालून माणसाला तोंड मिटायला सांगायचं आणि विचारायचं, “कुठे लागते?” तो बोट दाखवतो. तिथे जांभळ्या पेन्सिलीने खूण करायची, थोडं घासायचं, पुन्हा घालायची. “आता?” “आता इकडे लागते.” पुन्हा घासायचं. मामाची सगळी हयात या एका शब्दाच्या मागे गेली. “मामा, लागते हो,” म्हणत माणसं गाल धरून जिना चढत आणि हसत उतरत. आणि याच माणसाने पुढे त्या शब्दाची अशी माती केली.

तर ती दुपार. बाहेर रस्ता खणत होते. धूळ आत येते म्हणून मामाने खिडकी लावून घेतली होती. कवळीच्या गुलाबी पुडीत जे पाणी कालवतात त्याला नाकात झिणझिण्या आणणारा वास असतो. ते कालवून ठेवलं होतं, आणि मामा कुणाच्या तरी पुढच्या दातांना मेण लावत बसला होता. मामा सांगे, “एकाएकी हात कुणाचा तेच कळेना. दात, मेण, दिवा, हात, सगळं एकाच पिठाचं. मी कुठे संपतो ती कडाच गेली. भीती नाही. घाई नाही. आणि इतकं बरं वाटलं की रडू आलं. पण रडणारा कोण, तेही नाही कळलं.” भानावर आला तेव्हा दिव्यातलं स्पिरिट संपलेलं होतं आणि शेगडीवरचं पातेलं कोरडं ठणठणीत होऊन करपलं होतं.

मामाच्या सगळ्या गोष्टींची मी थट्टा केली आहे. या वर्णनाची करता आली नाही. करून पाहिली.

मामाने ते एका दंतवैद्याला सांगितलं, कारण शिकलेल्या माणसाने मान डोलावली की आपलं सुख पक्कं होतं अशी त्याची समजूत. दंतवैद्य एका हाताने ठसा उजेडात धरून पाहत होते. ते वर न बघता म्हणाले, “खिडकी उघडी होती का?”

“नाही.”

“मग झालं तर. ते लिक्विड बंद खोलीत हुंगलंत तर घोड्यालाही देव दिसेल.”

हे वाक्य मामाच्या काळजात रुतून बसलं. मग एका दुपारी त्याने मुद्दाम खिडकी लावली, दुप्पट पाणी कालवलं आणि वाट पाहत बसला. समाधी आली नाही. ओकारी आली. पण मामा खूश! वास तोच, खिडकी तीच, माणूस तोच, आणि तरी लागली नाही. म्हणजे पहिल्या वेळी जी लागली ती वासाची नव्हती! मामाला पुरावा मिळाला आणि मामीला बादली.

तेव्हापासून मामा ती दुपार परत मिळवायच्या मागे लागला. (बघा, इथेही लागलाच.) कुणी म्हणालं श्वास मोजा, तर मोजता मोजता त्याला श्वास घ्यायचीच आठवण राहीना आणि तो घाबराघुबरा होऊन उठे. कुणी म्हणालं ज्योतीकडे पाहा, डोळे आले. उपास केले, त्यात कवळीला दात उलटे बसवले. एक झुपकेदार मिशांचा गुरू गिरक्या घ्यायला शिकवत असे. एका जागी फिरत राहायचं, फिरता फिरता मी गळून पडतो म्हणे. मामा फिरता फिरता स्वतःच गळून पडला, प्लास्टरच्या पोत्यावर, आणि पांढराफेक उठला. मामी दारातून म्हणाली, “अहो, मेल्यावर दिसाल तसे आत्ताच दिसताय. पोचलात म्हणायचं.”

या वाटांबद्दल लोक जाडजूड बोलतात. एकजण म्हणतो, वाट कुठलीही असो, शिखर एकच. हे नेहमी तोच म्हणतो जो पायथ्याशी टपरीवर चहा पीत बसलेला असतो. दुसरा म्हणतो, ज्याला जे शिकवलं तेच त्याला दिसतं. जसा ठसा तशी कवळी. हे जरा बरं आहे, पण हे म्हणणारा इतका आनंदाने म्हणतो की वाटतं, आपल्याला काहीच दिसलं नाही याची याने चांगली सोय लावून घेतली. आणि तिसरे आपले दंतवैद्य: खिडकी उघडी होती का? त्यांना वाटतं, कशाने झालं ते सांगितलं म्हणजे काय झालं तेही सांगून झालं. माझी आई हुंदका द्यायची तेव्हा घशात काय हलतं हे मला कुणीतरी शाळेत समजावून सांगितलं होतं. आई का रडते ते नाही सांगितलं.

शेवटी मामा सरांकडे पोचला.

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. उभी हयात त्यांनी ‘गूढ अनुभव’ हा विषय शिकवला. स्वतःला अनुभव नव्हता, पण अनुभवाचे प्रकार, पोटप्रकार, खऱ्या अनुभवाच्या खुणा, खोट्याच्या खुणा, सगळं तोंडपाठ. जन्मात पाण्यात न उतरलेला माणूस काठावर बसून बुडणाऱ्यांना गुण देतो, तसं. दर रविवारी सकाळी एका लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये ते बैठक घेत. खाली कपडे धुण्याची मोठी यंत्रं चालत आणि वरची जमीन बारीक थरथरत राही. नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत पाठीच्या कण्यातून काहीतरी चढल्यासारखं वाटे. सर त्याला यंत्रांबद्दल लगेच सांगत नसत. दोन-तीन रविवार जाऊ देत.

बैठकीत दोन पक्ष होते. सरांचं म्हणणं, समाधी लावावी लागते: कष्ट, क्रम, शिस्त. दुसऱ्या पक्षात पोस्टबाई होत्या. निवृत्त होईपर्यंत पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या, आवाज अजून खिडकीतूनच आल्यासारखा. त्यांचं म्हणणं, लावून लागत नाही. लागायची तेव्हा लागते.

“पत्र आपण लिहीत नाही सर, येतं,” पोस्टबाई म्हणत.

“पण पत्ता लागतो ना, पोस्टबाई?”

“बिनपत्त्याचीही आली आहेत. आम्ही वाटली आहेत.”

यावर हॉलमध्ये दात निघत. बहुतेक मामाने केलेले.

मामाला या वादाशी कर्तव्य नव्हतं. त्याला एकच हवं होतं. सरांनी सगळ्यांसमोर एकदा म्हणावं: हो, त्या दुपारची ती खरी होती. बस. त्यासाठी त्याने सरांच्या मागे दातांच्या कण्या केल्या. सर नाही म्हणत नसत आणि हो म्हणत नसत. ते म्हणत, “मार्गाशिवाय मुक्काम नसतो, मामा. तुम्ही जिना न चढता गच्चीवर होतो म्हणता. आम्ही कसं मानायचं?” मामा घरी येऊन जबड्यांकडे बघत बसे. एकदा मला म्हणाला, “अरे, बाकी माझ्यापाशी आहे काय? दुसऱ्यांचे दात. ती एक दुपार तेवढी माझी. ती वाफ निघाली तर मी कोण?” मी काहीतरी पाचकळ बोललो असेन. आठवत नाही.

मग सरांनी उपाय सांगितला. एक महिना मौन. आणि साधं मौन नाही. “प्रश्न म्हणजे मनाची बडबड,” सर म्हणाले. “तोंडाने नाही, पाटीवर नाही, खुणेने नाही, कुणाला काही म्हणजे काही विचारायचं नाही. प्रश्न बंद. मग बघू.”

मामीच्या संसारातला तो सगळ्यांत सुखाचा महिना. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “आमच्याकडे सध्या शांतता आहे. तुम्हीही या बसायला.”

त्याच महिन्यात शिंपीणबाईंची कवळी झाली.

शिंपीणबाई लॉन्ड्रीसमोरच्या जिन्याखाली मशीन टाकून बसत. एकट्या होत्या. बोलण्यात कुणाला हार जात नसत. ओठांत टाचण्या धरून बोलत, आणि टाचणी एकही पडत नसे. बैठकीला येत त्या मुक्तीसाठी नव्हे. हॉलमध्ये रविवारी ऊन येई, खुर्च्यांना गाद्या होत्या, आणि जिन्याखालच्या अंधारापेक्षा चार माणसांत बसलेलं बरं. दात गेल्यावर त्यांची एकच तक्रार होती: दोरा तोडता येत नाही. दर वेळी कात्री शोधा. म्हणून त्यांनी मामाकडे तोंड उघडलं.

मामाने ठसा घेतला, दात रोवले, कवळी केली, त्यांच्या तोंडात बसवली. आणि विचारलं नाही. “कुठे लागते?” हा प्रश्न होता ना! प्रश्न बंद होते. शिंपीणबाई तोंड मिटून वाट पाहत राहिल्या. मामा त्यांच्याकडे बघून गोड हसला, हात जोडले आणि दार उघडून धरलं. बाईंना वाटलं, नवी कवळी अशीच असणार. सवय होईल.

पुढच्या काही बैठकांत सगळ्यांच्या लक्षात आलं की शिंपीणबाई बदलल्या. बोलणं बंद झालं. टाचण्या नाहीत, टोमणे नाहीत. चेहरा उतरला, गाल आत गेले. चहाबरोबरची बिस्किटं त्या घेईनात. कुणीतरी विचारलं तर नुसती मान हलवली. पोस्टबाई हळूच सरांना म्हणाल्या, “बाई अन्नावरून उठल्यात.”

“पाहतोय मी,” सर म्हणाले. “वैराग्य असंच येतं. पावलं न वाजवता.”

एका रविवारी जिन्यावर शिंपीणबाईंनी मामाला गाठलं. मी मागेच होतो. मामी मला रविवारी त्याच्याबरोबर पाठवत असे. “लक्ष ठेव, नाहीतर तिकडचे लोक यांना फळीवर मांडून ठेवतील,” म्हणे. बाईंनी मामाची बाही धरली. डोळे भरलेले. तोंड फारसं न उघडता पुटपुटल्या, “दादा, लागते हो. गप्प बसलं की जास्तच लागते. सारखं डोळ्यांतून पाणी येतं.”

त्याच्या खोलीत, गालाला हात लावून हेच कुणी म्हटलं असतं तर झोपेतही त्याचा हात पेन्सिलीकडे गेला असता. पण इथे मघाच तासभर समाधीवर खल झाला होता. मामा दोन पायऱ्या खाली उतरला, म्हणजे त्यांच्यापेक्षा खालच्या पायरीवर उभा राहिला, आणि तिथून त्याने त्यांना हात जोडले. बाईंनी आ वासला. मग बहुधा आ वासल्यामुळेही लागलं, कारण त्यांनी तो लगेच मिटला आणि निघून गेल्या.

मौन सुटलं त्या दिवशी मामाचं पहिलं वाक्य हे होतं: “तिला रोज लागते रे.”

“कुणाला? काय?”

“शिंपीणबाईला. स्वतः सांगितलं तिने. कात्री चालवणारी बाई, कधी श्वास मोजला नाही, एक गिरकी घेतली नाही, आणि तिला रोज. मला जन्मात एकदा. तीही म्हणे वासाची.”

त्याच्या डोळ्यांत जे होतं त्याला भक्ती म्हणायची पद्धत आहे. मी त्याला पोटदुखी म्हणेन. आम्ही हे मामीला सांगितलं असतं तर तिने एका वाक्यात निकाल लावला असता. पण अशा गोष्टी मामीला सांगायच्या नाहीत असं आम्हा पुरुषांचं ठरलेलं होतं. तिला त्यातलं कळत नाही म्हणून.

मौनाचा महिना पुरा झाल्यावर सर म्हणाले, येत्या रविवारी तुमच्या दुपारचा विचार करू, सर्वांसमक्ष. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. मामीने वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मुलगी बघायला आला होतात तेव्हाही एवढे नटला नव्हता. परत येणार आहात ना?”

“थट्टा नको. आज लागेल निकाल.”

“लागू दे. पातेलं करपलंय ते मात्र मीच घासलंय, हे सांगा त्यांना.”

हॉल भरला होता. खालची यंत्रं घरघरत होती. शिंपीणबाई खिडकीशी, उन्हात, डोळे मिटून. मामा उभा राहिला आणि त्याने ती दुपार सांगितली. चांगली सांगितली, खिडकी बंद होती हेही सांगितलं, ते लपवलं नाही. मग मंडळी तुटून पडली.

“म्हणजे नशाच की,” एक म्हणाला.

पोस्टबाई म्हणाल्या, “असेना. किल्ली कशाची का असेना, कुलूप उघडलं ना?”

“खिळ्यानेही कुलूप उघडतं, पोस्टबाई. त्याला घरफोडी म्हणतात,” सर म्हणाले. “घराचा मालक आणि चोर, दोघंही घरातच असतात. पण घर चोराचं होत नाही.”

“पण सर,” मामाचा आवाज चिरकला, “आत काय होतं ते तर दोघांनाही दिसतं ना? मी जे पाहिलं ते...”

“काय पाहिलंत? सांगा.”

मामाने तोंड उघडलं. मिटलं. “सांगता नाही येत.”

“नाही येत!” सर विजयाने म्हणाले. “आणि खऱ्या अनुभवाचंही हेच लक्षण. म्हणून तर अवघड आहे. मुका गूळ खाऊनही बोलत नाही आणि माती खाऊनही बोलत नाही. मग खुणा बघायच्या. चला, आधी बसू. बसल्यावर सांगतो.”

सगळे डोळे मिटून बसले. मी उघडे ठेवले. पन्नाशी-साठीची माणसं पाठ ताठ करून, भुवया आवळून, अनंताची वाट बघत होती. एखाद्या रांगेत पुढच्याने हलावं म्हणून बघतात तशी. कुणाचा तरी डोळा लागला होता आणि बारीक घोरणं सुरू होतं. त्याला ब्रह्मानंदी टाळी म्हणतात.

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. कण्हल्यासारखा. शिंपीणबाईंचा जबडा घट्ट आवळलेला होता, गालांवरून पाणी ओघळत होतं, मान थोडी मागे गेली होती. ओठांच्या फटीतून शब्द आले, “लागली... आई गं... लागली.”

हॉलमधला एकूण एक डोळा उघडला. सर उठले. पाय न वाजवता बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. हात हलवला, बाईंनी पाहिलं नाही. सरांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. माणूस जन्मभर नकाशे विकतो आणि अचानक समुद्र बघतो, तसा.

“अश्रू,” ते कुजबुजले. “दातखीळ. बाहेरच्या जगाचं भान नाही. अन्नाची वासना गेलेली. वाणी थांबलेली. मंडळी, नीट बघून घ्या. पुस्तकात आहे ते सगळं.” मग ते मामाकडे वळले, आणि त्यांचा आवाज अगदी मऊ झाला, डॉक्टर वाईट बातमी देताना करतात तसा. “मामा, तुम्ही विचारत होता. हे खरं असतं. आता तुमचं तुम्हीच सांगा. त्या दुपारी यातलं काय होतं?”

मामा बघत राहिला.

“रडू आलं होतं,” तो म्हणाला.

“त्या वासाने कांद्यासारखं पाणी येतं हो डोळ्याला. ती वाफ होती, मामा. सोडून द्या.”

मामाने मान हलवली. एवढी वर्षं धरून ठेवलेली वस्तू माणूस खाली ठेवतो तेव्हा आवाज होईल असं वाटतं. काही झाला नाही. खाली यंत्रं घरघरत होती. मामा हॉल ओलांडून शिंपीणबाईंपाशी गेला आणि त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसला, गुडघे मोडून, मोठ्या माणसापुढे पोर बसतं तसा.

बाईंनी डोळे उघडले. मामाला पाहिलं आणि त्याचं मनगट पकडलं.

“दादा, लागते हो,” त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या हाताचं बोट गालावर ठेवलं. “इथे.”

मामाचा हात माझ्या समोर हलला. डोक्याला विचारून नाही; सवयीने. अंगठ्याने त्याने खालचा ओठ ओढला, मान तिरपी करून उजेडात पाहिलं आणि कवळीच्या कडेखाली बोट घालून ती उचलली. चोक्क आवाज झाला. हिरडीवर फोड होता, पांढरा, कडेने लालभडक, नखाएवढा.

“हुश्श,” शिंपीणबाई म्हणाल्या. बोळक्या तोंडात जीभ फिरवली. “महिना झाला मेलं सांगतेय. याला जिन्यावर सांगितलं तर नमस्कार करतो. दोरा तोडायचा राहिला बाजूला, चहात पाव बुडवून गिळतेय. वेड लागायची वेळ आली.”

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. मी असतो तर हसलो असतो, पण मीही तिथेच होतो आणि हसलो नाही.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “म्हणजे... हे दाताचं होतं?”

“मग कशाचं असणार?” शिंपीणबाई म्हणाल्या.

“पण तुम्ही लागली म्हणालात!”

“लागली तर लागली नको म्हणू?”

सरांनी मामाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आता मामाची पाळी होती. ज्याच्या खुणांवर त्याची दुपार रद्द झाली ते तोंड त्याच्यासमोर रिकामं उघडं होतं. तो म्हणू शकला असता: सर, तुम्हाला फोड ओळखता येत नाही, माझी दुपार काय ओळखणार? मी त्याच्या जागी हे म्हणालो असतो, आणि वर आणखी दोन वाक्यं. पण हे म्हणायचं तर हेही आलंच की फोड त्यालाही ओळखता आला नव्हता. आणि आला कुठून, तर त्याच्याच हातातून, एक प्रश्न न विचारल्यामुळे. शिवाय, ज्या माणसाचं ‘नाही’ इतकं फुकट निघालं, त्याचं ‘हो’ काय करायचं होतं?

“अहो मामा,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आता चक्क विनवणी होती. “बोला ना काहीतरी. तुमचं काय म्हणणं आहे?”

मामाने खिशातून रुमाल काढला. कवळीची लाळ पुसली, ती उन्हात धरून फिरवली आणि आतल्या कडेवर एका जागी अंगठ्याचं नख दाबून ठेवलं, खूण म्हणून. पेन्सिल आणली नव्हती. मग नख तसंच दाबून धरून तो उठला, हॉलभर बसलेल्या माणसांच्या मधून चालत गेला आणि दार ढकलून बाहेर पडला.

“बघितलं?” पोस्टबाई मागून हळूच म्हणाल्या. “याला लागली.”

जिना उतरणाऱ्या चपलांचा आवाज खालच्या घरघरीत मिसळला. मी खिडकीतून वाकून पाहिलं. मामा रस्ता ओलांडत होता, हात पुढे धरून, अंगठा कवळीवर तसाच. वर बघत नव्हता.